धड गुडघ्यावरची पट्टी

बायकांचा फुटबॉल म्हणजे काहीतरी नाजूक प्रकरण असतं असं ज्याला वाटत असेल, त्याला एकदा पाचरसमोरून चेंडू न्यायला सांगावं. तिचं खरं नाव संघाच्या यादीत होतं, पण ते फक्त रेफरी वाचायचे. बाकी सगळ्यांसाठी ती पाचर. समोरची मुलगी आणि चेंडू यांच्यामध्ये ती अशी ठोकली जायची, की त्या दोघांची पुन्हा गाठ पडायची नाही. वय एकतीस, बुटकी, मांड्यांनी भक्कम. वरचा एक दात कुठल्याशा मैदानावर राहून गेलेला, आणि कुठल्या ते तिलाही नक्की आठवत नव्हतं.

तिचा बाप खाटीक होता. शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन तंगडी घट्ट धरून उभं राहायचं, हे तिचं काम. बाप सुरी चालवायचा आणि शिकवायचा, "हाडावर कशाला घाव घालतेस? सांधा शोध. सांधा सापडला की जोर लागत नाही." सांधा कुठल्या बाजूने दाबला तर हलत नाही आणि कुठल्या बाजूने दाबला तर सुटतो, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पुढे ते ज्ञान तिने मैदानावर वापरलं आणि त्याच्या बळावर देशाच्या संघात नऊ वर्षं पाय रोवून राहिली.

सात देशांच्या स्पर्धेतला उपांत्य सामना दुपारी चारला होता. अडीचला मॅडमनी तिला न्हाणीघरात बोलावलं. मॅडम म्हणजे संघाच्या कोच. त्यांचं नाक खेळायच्या दिवसांत दोनदा मोडलं होतं आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या बाजूला बसलं होतं. त्यांनी सगळे नळ सोडले, म्हणजे बाहेर काही ऐकू जायला नको.

"त्यांच्या संघातली ती भिंगरी. तुम्ही दोघी परदेशी क्लबात एका खोलीत राहायचात ना?"

"हो. दोन वर्षं."

"मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कुठल्या?"

"खरंच माहीत नाही, मॅडम."

आणि ते खरंच होतं. क्लब बंद पडला, दोघी आपापल्या देशात गेल्या, आणि वर्षभराने भिंगरीचा फोन आला होता. "गुडघा गेला गं. कापून शिवलाय. डॉक्टर म्हणतो, हा पुन्हा गेला तर खेळ विसर. जिना चढतानाही कठडा धरावा लागेल." फोनवर ती ढसाढसा रडली होती. पाचर तिला धीर देत राहिली, पण डावा की उजवा हे विचारायचं तिला सुचलंच नाही. आज ते सुचलं नव्हतं याचं तिला फार बरं वाटलं.

"मग सरावाला उतरतील तेव्हा बघ," मॅडम म्हणाल्या. "ज्या गुडघ्यावर पट्टी असेल, तो. ती मैदानात आहे तोवर आपण जिंकत नाही. तिला बाहेर काढायचं. लाल कार्ड पडलं तरी पडू दे, दहा जणी खेळतील."

"मॅडम, माझी मैत्रीण आहे ती."

"म्हणूनच तुला विचारतेय. तू नाही म्हणालीस तर रणगाड्याला उतरवते."

रणगाडा म्हणजे राखीव खेळाडूंमधली वीस वर्षांची पोरगी. अंगात बैलाचं बळ, डोक्यात काही नाही. गेल्या हंगामात तिने दोन मुलींच्या नळ्या फोडल्या होत्या आणि दोन्ही वेळा मनापासून माफी मागितली होती. पट्टी बघणं, सांधा बघणं असली भानगडच नाही. जे पायाखाली येईल ते मोडायचं, एवढंच तिला ठाऊक.

"मी काय हौसेनं सांगतेय का?" मॅडमनी नळ बंद करत विचारलं. "माझ्या अंगावर एका सामन्यात तिघी सोडल्या होत्या. मी रडले नाही कुणापुढे."

साडेतीनला दोन्ही संघ सरावाला उतरले. निळ्या शर्टातली भिंगरी मैदानाच्या त्या टोकाला होती. सडपातळ, काळीसावळी, पाय सतत नाचते. कमरेपासून घोट्यापर्यंत काळ्या टाइट्स, त्यामुळे टाके कुठे आहेत ते दिसायची सोय नव्हती. पण उजव्या गुडघ्यावर टाइट्सच्या वरून पांढरी पट्टी होती, चांगली जाडजूड, प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेतूनही दिसेल अशी.

पाचरला हसूच फुटलं. छातीवरचा दगड उतरला.

कारण ती युक्ती तिची स्वतःची होती. क्लबात असताना भिंगरीचा घोटा मुरगळला होता आणि दुसऱ्या दिवशी सामना होता. धोबीखान्याच्या वरच्या त्यांच्या खोलीत, खालची यंत्रं जमीन थरथरवत असताना, पाचरने तिचा धड पाय मांडीवर घेऊन त्याला पट्टी गुंडाळली. "अगं, दुखतोय तो हा नव्हे!" भिंगरी ओरडली. "म्हणूनच," पाचर म्हणाली होती. "आमची जात मला माहीत आहे. आम्ही पट्टी बघून मारतो. दुखरा उघडा ठेव, धड बांध." दुसऱ्या दिवशी सगळ्या बचावपटूंनी मिळून त्या धड घोट्याचा भुगा करायचा बाकी ठेवला. संध्याकाळी त्या काळ्यानिळ्या घोट्यावर बर्फ चोळताना दोघी इतक्या हसल्या, की खालच्या धोबिणीने छतावर झाडूचा दांडा आपटला. तेव्हापासून काहीही दुखलं की भिंगरी उलटं बांधायची. दोघींचा तो रिवाजच होऊन गेला.

म्हणजे आज दुखरा डावा. पट्टीतला उजवा धडधाकट. पाचरने मनात हिशेब जुळवला. पट्टीवर मारायचं, सगळ्यांना दिसेल असं मारायचं, पण हातचं राखून. पाय जमिनीवर रोवलेला असताना मारलं तर सांधा सुटतो. पाय हवेत असताना मारलं तर नुसती सूज येते. धड गुडघा तेवढं सहज सोसेल. भिंगरी लंगडत बाहेर जाईल, महिनाभर शिव्या देईल, आणि तिचा शिवलेला गुडघा शाबूत राहील. मॅडमचं समाधान होईल आणि रणगाडा बाकावरच बसेल. दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं.

सामना सुरू झाला आणि पाचव्या मिनिटालाच रक्त निघालं. पाचरच्या पिवळ्या संघाच्या कर्णधाराने उडी मारताना कोपर फिरवलं आणि निळ्यांच्या मधल्या फळीतल्या एका खेळाडूची भुवई उसवली. तिने बाहेर जाऊन टाके घालून घेतले, दुसरा शर्ट चढवला आणि परत येऊन पहिल्याच धडकेत कर्णधाराच्या पोटात गुडघा घातला. रेफरी शिट्ट्या फुंकून दमली. कुणी कुणाचे केस धरत होतं, कुणी पडलेलीच्या हातावर बूट ठेवून पुढे जात होतं. प्रेक्षकांना तर हेच हवं होतं. चेंडू कुठे आहे याची कुणाला फिकीर नव्हती.

पाचर मात्र भिंगरीला सावलीसारखी चिकटली होती. कॉर्नरच्या वेळी दोघी गोलसमोर एकमेकींना ढकलत उभ्या राहिल्या. पाचरचा पंजा भिंगरीच्या बरगडीत आणि भिंगरीची टाच पाचरच्या बोटांवर.

"आई कशी आहे गं तुझी?" पाचरने विचारलं.

"बरी आहे. तिचेही गुडघे धरलेत."

"आणि तुझे?"

"माझे तुला कशाला सांगू?" भिंगरी म्हणाली आणि तिने पाचरच्या हनुवटीवर डोकं हाणलं.

पाचर हसली. जिभेवर रक्ताची चव आली तरी हसतच होती. जुनी मैत्रीण थट्टा करतेय असं तिला वाटलं.

पण हवा तसा क्षण काही सापडेना. भिंगरीची पावलं इतकी छोटी आणि भरभर पडत होती, की पाय हवेत किती वेळ असतो ते कळायचंच नाही. पाचर दोनदा झेपावली आणि दोनदा रोवलेला पाय पाहून ऐन वेळी अंग चोरून बाजूला कोसळली. बाकावरून मॅडमनी दोन्ही वेळा काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक. चाळिसाव्या मिनिटाला भिंगरी चेंडू घेऊन आली, डाव्या पायावर गर्रकन फिरली, जाता जाता तिचं कोपर पाचरच्या तोंडावर बसलं आणि चेंडू जाळ्यात गेला. निळ्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. पाचर गवतात दुसरा दात शोधत होती.

मध्यंतरात मॅडमनी तिला शर्टाला धरून लोखंडी कपाटावर आदळलं. कपाटाचं दार आत चेपलं. खोलीत वीस जणी होत्या, एकीनेही मान वर केली नाही.

"दोनदा सोडलंस तू तिला! मला काय आंधळी समजलीस?"

"संधी मिळाली नाही, मॅडम."

"तुला मिळत नसेल तर जिला मिळेल तिला पाठवते. रणगाड्या, बूट बांध."

"बांधलेत, मॅडम," रणगाडा आनंदाने म्हणाली.

साठाव्या मिनिटाला रणगाडा कडेला उभी होती. सहायक रेफरीच्या हातात आकड्यांचा फलक होता आणि त्याच्यावर पाचरचा नंबर लाल दिव्यांत लागला होता. चेंडू बाहेर गेला की बदल होणार. पाचरने तिकडे पाहिलं. रणगाडा जागच्या जागी उड्या मारत होती, आणि तिची नजर भिंगरीच्या पायांवर होती, दोन्ही पायांवर.

आता नाही तर नाही. चेंडू भिंगरीकडे आला. पाचर दहा पावलांवरून सुटली. भिंगरीने चेंडू अडवायला उजवा पाय उचलला, आणि तो हवेत असतानाच पाचर घसरत आली आणि तिने आपली नळी पांढऱ्या पट्टीवर घातली. सगळं मनात ठरवलं होतं तसंच झालं. पाय हवेत, मार समोरून, जोर अर्धा.

आवाज झाला. तो आवाज तिने लहानपणी हजारदा ऐकला होता, दुकानाच्या मागच्या खोलीत, तंगडी धरलेल्या हातांच्या मधोमध. तो आवाज धड गुडघ्यातून येतच नाही. भिंगरी खाली पडली तेव्हा तिचा पाय ज्या बाजूला वळायला नको त्या बाजूला वळला होता, आणि ती जी किंचाळली, ती किंचाळी ऐकून तीस हजार माणसं एकदम चिडीचूप झाली.

मग सगळं फुटलं. निळी गोलकीपर अर्धं मैदान धावत आली आणि तिने पाचरच्या कमरेत लाथ घातली. दुसरीने केस धरून तिचं डोकं जमिनीवर आपटलं. पिवळ्या मुली तिला सोडवायला म्हणून घुसल्या आणि ज्याच्यावर हात पडेल त्याला मारत सुटल्या. बाकावरच्या आल्या, मालिशवाल्या आल्या, वरून बाटल्या आल्या. एक बाटली लाइनवुमनच्या कानावर बसली. पोलिसांनी ढाली पुढे धरून मधे भिंत केली. रेफरीने कुणाच्या तरी खांद्यावरून लाल कार्ड उंच धरलं, पण ते बघायला कुणाला सवड नव्हती.

पाचरने एकही हात उगारला नाही. ती पालथी पडून पायांच्या जंगलातून समोर बघत होती आणि पुटपुटत होती, "धड आहे तो. अगं, धड आहे तो." निळ्यांच्या फिजिओने कात्रीने पट्टी कापली, मग टाइट्स वरपर्यंत कापत नेल्या. उघड्या गुडघ्यावर टाक्यांचे व्रण होते. मधोमध एक लांब आणि बाजूला दोन छोटे, अजून गुलाबी.

पोलिसांनी तिला बखोटीला धरून बाहेर काढलं आणि स्टँडच्या खालच्या गल्लीत बाकड्यावर नेऊन बसवलं. डोक्यावर हजारो पाय आपटत होते, छताचे पापुद्रे गळत होते. सामना पुन्हा सुरू झाला होता. थोड्या वेळाने वरून मोठा गलका झाला, पिवळ्यांचा गोल झाला असावा. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

तिला आता सगळं दिसत होतं. सबंध सामनाभर भिंगरी डाव्याच पायावर फिरली होती. वळताना उजव्यावर तिने एकदाही भार टाकला नव्हता. खाटकाची पोर, सांधे ओळखणारी, दोनदा इतक्या जवळ गेली, आणि पाय बघितलाच नाही. सगळ्यांसारखी पट्टी बघत बसली. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होती, की भिंगरीलाही डोकं आहे हे ती विसरली. तिला स्वतःची शिसारी आली.

भिंगरीला तिथेच समोरच्या उपचारांच्या खोलीत आणून ठेवलं होतं. गर्दीने रस्ता अडल्यामुळे ॲम्ब्युलन्स आत येऊ शकत नव्हती, आणि त्यांची फिजिओ फोनवर शिव्या घालत बाहेरच्या फाटकाकडे पळाली. दार उघडंच राहिलं.

"तिथे कोण बसलंय ते कळतंय मला," आतून आवाज आला. "ये आत."

पाचर आत गेली. भिंगरी स्ट्रेचरवर आडवी होती, पाय फळीला बांधलेला, चेहरा पांढराफटक. तिला सुई दिली असावी, कारण शब्द जड येत होते. बाजूच्या टेबलावर स्टीलच्या ट्रेमध्ये कात्री, कापूस आणि कापलेली पट्टी पडली होती.

"गेला," भिंगरी म्हणाली. "आमच्या डॉक्टरने हात लावून बघितलं. काही बोलला नाही, नुसता मान हलवत राहिला."

"एक विचारते. खरं सांग."

"विचार."

"तुला माझ्यावर सोडणार हे मला ठाऊक होतं. सकाळपासून तोच विचार. म्हटलं, बाकीच्या येतील पट्टीवर. पाचर नाही येणार, तिचीच तर युक्ती आहे. ती उघड्या गुडघ्यावर येणार. म्हणून दुखरा बांधला आणि धड उघडा ठेवला. म्हटलं, धड गेला तर गेला." तिने श्वास घेतला. "मग तू पट्टीवर कशी आलीस?"

उत्तर पाचरच्या ओठांवर आलं होतं. पट्टीखाली धड आहे असं समजले म्हणून आले. तुझा दुखरा वाचवायला आले. साधं, सरळ आणि शंभर टक्के खरं. ते सांगितलं असतं तर तिच्या स्वतःच्या जिवाला केवढा थंडावा मिळाला असता. भिंगरीने कदाचित तिचा हातही धरला असता.

आणि मग? मग ती पोरगी जन्मभर कठडा धरून जिने चढली असती, आणि प्रत्येक पायरीला तिला आठवलं असतं की समोरची वाचवायला येत होती आणि मीच तिच्यावर संशय घेऊन चुकीचा पाय बांधला. शिव्या द्यायला तिला स्वतःशिवाय कुणी उरलं नसतं. पाचरने तोंडातलं रक्त गिळलं.

"ओळखलं मी," ती म्हणाली. "तू उलट्याचं उलटं करणार, हे मला सरावातच कळलं. डाव्यावर फिरत होतीस तू."

भिंगरीने मान वर उचलली. "म्हणजे दुखरा हा, हे माहीत असून मारलंस?"

"हो."

"डॉक्टर काय म्हणाला होता ते तुला सांगितलं होतं मी. रडले होते मी तुझ्याजवळ."

"माझं काम आहे ते," पाचर म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिने टेबलाची कड घट्ट धरली होती.

भिंगरीने हात लांब केला, ट्रे उचलला, आणि कात्री-कापूस सगळं जमिनीवर सांडत तो पाचरच्या तोंडावर हाणला. गालफड फाटलं. "कसाबीण!" ती ओरडली. "एका ताटात जेवलो आपण!" दुसरा घाव भुवईवर बसला आणि पाचरच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. पाचर जागची हलली नाही. भिंगरी हुंदके देत होती, शिव्या देत होती, तिच्या चेहऱ्यावर आता कुठे रंग आला होता. तिने पुन्हा ट्रे उचलला, पण पाय बांधलेला होता, तिला उठता येईना आणि हात पोचेना. तेव्हा पाचर एक पाऊल पुढे गेली आणि स्ट्रेचरवर जरा खाली वाकली.